पॉइंट चुकला, म्हणून फार्मसी सोडू का?

पत्र थोडक्यात:

पत्र लिहिणारी विद्यार्थिनी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी डिस्पेन्सिंगच्या, म्हणजे औषध मोजून तयार करून देण्याच्या, प्रॅक्टिकल परीक्षेत तिला सहा किलो वजनाच्या बाळासाठी डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचा दिवसाचा डोस काढायचा होता. उत्तर होतं १.२ मिलिलिटर. तिने लिहिलं १२. तेवढं मोजलं, बाटलीत भरलं, वर सुवाच्य अक्षरात लेबलही चिकटवलं. परीक्षकांनी उत्तरपत्रिकेवर लाल शाईने दोनच शब्द लिहिले: 'बाळ गेलं.' तेव्हापासून ती तराजूचं रीडिंग चार-चारदा बघते, प्रॅक्टिकल वेळेत संपत नाही, रात्री डोळे मिटले की आकडे दिसतात. फार्माकोलॉजीतल्या दुष्परिणामांच्या याद्या वाचताना छातीत धस्स होतं. मोठा भाऊ म्हणतो, 'खोक्यावरचं वाचून गोळ्या द्यायच्या, त्यात एवढं काय?' तिचा प्रश्न असा: 'माझ्यासारख्या धांदरट मुलीच्या हाती लोकांची औषधं द्यावीत का? कोर्स सोडू, की रिसर्च किंवा कंपनीकडे वळू, जिथे पेशंटशी संबंधच येणार नाही?'

उत्तर:

लिहायला बसण्याआधी तुझं गणित मी कागदावर सोडवून पाहिलं. जुनी खोड आहे, आकडा दिसला की हात पेनाकडे जातोच. बाळ सहा किलोचं, प्रश्नात दिलेला डोस किलोमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०. औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम. तेव्हा एक मिलिलिटर आणि वर थोडंसं. बाराच्या जवळपास जायचं कारणच नाही.

अर्थात मी हे घरी, घड्याळाकडे न बघता सोडवलं. तू उभ्याने, अ‍ॅप्रनच्या खिशात कॅल्क्युलेटर, शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी लेबल लावून झालेलं, अशा अवस्थेत सोडवत होतीस. त्यामुळे पॉइंट कसा सरकला याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. बारा मिलिलिटर मोजताना तुझा हात अडला नाही.

पाच मिलिलिटरचे दोन चमचे भरून वर थोडं उरेल, एवढं ते औषध. मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, हृदयाच्या ठोक्यांवर थेट काम करणारं, आणि तेही अजून नीट बसताही न येणाऱ्या बाळासाठी. हे औषध छोट्या ओरल सिरिंजने मोजून देतात. तुझ्या उत्तराप्रमाणे ती सिरिंज पुन:पुन्हा भरावी लागली असती. वॉर्डात किंवा काउंटरवर मुरलेल्या माणसाचा हात तिथे थांबतो. गणित चुकलंय हे त्याला अजून कळलेलं नसतं, तरी थांबतो. एका डोससाठी चार-पाच व्हायल फोडाव्या लागताहेत, एका वेळी आठ गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत, असं काही दिसलं की आधी हात थांबतो आणि मग डोकं चालू होतं. हे अडणं जन्मजात नसतं. ते शिकायला चार वर्षं कॉलेजात काढायची आणि पुढे बरीच वर्षं नोकरीत. तू दुसऱ्या वर्षाला आहेस. तुझा हात अजून अडत नाही, हा तुझ्या स्वभावाचा दाखला कसा झाला?

परीक्षकांनी डिगॉक्सिनच का निवडलं असेल, हेही बघ. या औषधात उपयोगी डोस आणि घातक डोस यांत अंतर फार थोडं. ज्या फॉक्सग्लोव्हच्या पानांपासून या औषधांची सुरुवात झाली, त्यांवरचे आपले अनुभव विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने १७८५ मध्ये छापले. बऱ्या झालेल्या रोग्यांबरोबर त्याने उलट्या, पिवळं-हिरवं दिसणं, मंदावलेली नाडी, हेही नोंदवलं. आणि सुरुवातीला आपण डोस फारच मोठे देत होतो, हे स्वतःच लिहून ठेवलं. त्याच्यासमोर परीक्षेतलं कागदी बाळ नव्हतं, जिवंत माणसं होती. मला त्या लेखनातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पुढच्यांना डोस कमी ठेवायचं शहाणपण त्या कबुलीतून मिळालं.

आता तुझा तो शब्द, 'धांदरट'. तो वापरताना तू गृहीत धरलं आहेस की माणसं दोन जातींची असतात, काळजीवाली आणि चुकणारी, आणि एका लाल शेऱ्याने तुझी जात ठरली. मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काम केलं. पहिल्याच वर्षी मी हायड्रॉक्सिझिनच्या जागी हायड्रॅलाझिन काढून ट्रेमध्ये ठेवलं होतं. एक अंगाच्या खाजेवरचं, दुसरं रक्तदाब उतरवणारं. मी तेव्हाही काळजीवालीच होते, तशी ख्याती होती माझी. शेजारच्या सहकाऱ्याने ट्रे पाहिला आणि काही न बोलता स्ट्रिप उचलून माझ्यासमोर धरली. अशा सारख्या नावांच्या औषधांचं इंग्रजी लेबल छापताना नावातली वेगळी पडणारी अक्षरं मोठ्या लिपीत छापायची पद्धत आता रूढ आहे. (देवनागरीत मोठी-छोटी अक्षरंच नाहीत, तेव्हा आपल्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, पण तो निराळा विषय.) ही पद्धत धांदरटांसाठी काढलेली नाही. ती माझ्यासारख्यांसाठी, तुझ्या वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी आणि तुझ्या परीक्षकांसाठीही आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल काढला होता. तिथल्या हॉस्पिटलांत टाळता येण्यासारख्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होत असावेत, असा त्यात अंदाज होता. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यातलं मुख्य म्हणणं मात्र टिकलं: वाईट माणसं शोधून काढून हे थांबणार नाही, चांगली माणसंही चुकतील असं धरूनच कामाची रचना करायला हवी. फार्मसीतल्या कितीतरी कंटाळवाण्या वाटणाऱ्या सवयी याच गृहीतकावर उभ्या आहेत. कपाटातून बाटली काढताना लेबल वाचा, ओतताना वाचा, परत ठेवताना वाचा. जहाल औषध पावडरीत मिसळताना आधी तेवढीच पावडर घ्या, मग त्या मिश्रणाएवढी, मग पुन्हा नव्या मिश्रणाएवढी. खलात सगळं एकदम टाकून घोटलं की डोळ्यांना ते एकजीव दिसतं, म्हणून तर डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

त्या दोन शब्दांबद्दल माझं मत विचारशील, तर मला ते आवडले नाहीत. विद्यार्थ्याला धडा आयुष्यभर लक्षात राहावा म्हणून असं लिहिलं जातं, आणि राहतोही. पण चूक नेमक्या कुठल्या पायरीवर झाली, हे त्या शेऱ्यातून तुला कळलं नाही. शिवाय त्यात असंही चित्र आहे की लिहिणारे डॉक्टर, देणारी नर्स, बाळाची आई यांच्यापैकी कुणीच डोळे उघडे ठेवलेले नाहीत आणि तू एकटीच बाळ आणि मृत्यू यांच्या मधे उभी आहेस. प्रत्यक्षात मधे बरेच जण असतात. तरीही दहापट डोस ही किरकोळ चूक आहे, असं मी म्हणणार नाही. अशा चुका सगळ्यांच्या नजरेतून निसटतात, आणि निसटल्या की माणसं दगावतात. शेरा कठोर होता आणि खोटाही नव्हता. या दोन्ही गोष्टी तुला एकदमच पचवाव्या लागतील.

तुझ्या भावाला एक औषध सांग, मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. नजरचुकीने कुणी 'रोज' लिहिलं किंवा रोज घेतलं, तर रक्तपेशी तयार होणं बंद पडू शकतं. जगभरात यामुळे मृत्यू झाले आहेत. काउंटरवरचा फार्मासिस्ट इथे 'कशासाठी घेताय?' असं विचारतो, डॉक्टरांना फोन लावतो आणि पाकिटावर वाराचं नाव लिहितो. खोक्यावरचं नुसतं वाचून हे होत नाही.

आता तू सुचवलेली पळवाट. शब्द कडक आहे खरा, पण मला दुसरा सापडला नाही. जिथे पेशंट नाही असा फार्मसीचा कोपरा.

१९३७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीला सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध पातळ रूपात विकायचं होतं. कंपनीच्या केमिस्टला ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळतं असं दिसलं. औषधाचा रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. ते द्रावक विषारी आहे का, हे पाहिलं नाही, आणि तेव्हाच्या कायद्याने तशी सक्तीही नव्हती. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. डॉक्टरांनी डोस बरोबर लिहिला होता, दुकानदारांनी बरोबर मोजला होता, आयांनी बरोबर पाजला होता. चूक झाली ती प्रयोगशाळेत, जिथे एकही पेशंट नव्हता. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे कायदा बदलला. तरी हेच रसायन पुन्हा सिरपमध्ये सापडत राहिलं. पनामात २००६ मध्ये माणसं मेली. गाम्बियात २०२२ मध्ये मुलं दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला. कच्च्या मालाचं पिंप उघडल्यावर कुणीतरी नमुना घेऊन नीट तपासायला हवा होता. ते काम क्वालिटी कंट्रोलमधल्या माणसाचं. काउंटरवरच्या चुकीची झळ सहसा एका घराला लागते, तिथल्या चुकीची आख्ख्या बॅचला. तेव्हा कंपनीत जायचं तर जरूर जा, पण पेशंट नको म्हणून जाऊ नकोस. तो तिथेही असतोच, फक्त दिसत नाही.

त्याच १९३७ मध्ये, शिकागो विद्यापीठात हे औषध नक्की कशामुळे मारतंय याचा शोध चालू होता आणि त्यात फार्माकोलॉजीची एक विद्यार्थिनी काम करत होती, फ्रान्सिस केल्सी. (तेव्हा आडनाव ओल्डहॅम होतं. फ्रान्सिस हे नाव पुरुषाचं समजून प्राध्यापकांनी तिला 'मिस्टर' म्हणून बोलावणं धाडलं होतं, असं ती पुढे सांगत असे.) १९६० मध्ये ती अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यात, एफडीएमध्ये, रुजू झाली. सुरुवातीलाच टेबलावर आलेल्या फायलींत थॅलिडोमाइड होतं. झोपेचं औषध, सुरक्षित म्हणून इतर देशांत धडाक्यात खपणारं. कंपनीला परवाना ताबडतोब हवा होता. केल्सी म्हणाली, माहिती अपुरी आहे. माहिती आली, तिने आणखी मागितली. कंपनीचे फोन, फेऱ्या, वरिष्ठांकडे तक्रारी चालूच होत्या. वर्षभरात युरोपातून बातम्या आल्या. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या आयांची बाळं हातापायांविना किंवा अपुऱ्या हातापायांनी जन्मत होती. व्यंग घेऊन जन्मलेली अशी बाळं जगभर मिळून दहा हजारांहून जास्त. अमेरिकेत मात्र औषधाला परवानाच मिळालेला नव्हता.

तिला भीती वाटत नसेल असं मला वाटत नाही. विद्यार्थिदशेत तिने एका औषधाने काय केलं ते पाहिलेलं होतं. पण तिच्या भीतीतून कागदावर लिहिता येईल असा प्रश्न निघत होता: मज्जातंतूंवर काय परिणाम होतो, दाखवा. गर्भावर काय होतो, दाखवा. तुझी भीती सध्या नुसती गोल गोल फिरते आहे. तराजूचं रीडिंग चार वेळा बघणं म्हणजे त्याच डोळ्यांनी त्याच आकड्याला चार वेळा विचारणं. पहिल्यांदा डोळा चुकला असेल तर चौथ्यांदाही तसाच चुकेल. वर प्रत्येक वेळी तुला थोडं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते.

तपासणी अशी असावी, जिच्यातून काही नवं कळण्याची शक्यता आहे. तुझंच उत्तर उलटं चालवून बघ. १२ मिलिलिटर गुणिले ५० म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम, त्याला सहा किलोंनी भागलं की किलोमागे १००. प्रश्नात तर १० आहे. दहा सेकंदांत चूक हातात. हे एकदाच करायचं आणि पुढे जायचं. दुसरी गोष्ट, कॅल्क्युलेटर काढण्याआधी अंदाज लिहायचा, तोही शब्दांत: 'एका मिलिलिटरहून थोडं जास्त.' मग कॅल्क्युलेटरने काहीही दाखवलं तरी त्याला या वाक्याशी जुळावं लागतं. ही सवय प्रत्येक फार्मसीच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच लावून घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण कॅल्क्युलेटर हाती आला की अंदाज बांधणं बंद होतं.

पॉइंटच्या आधी शून्य लिहायचं, ०.५ असं. नुसतं .५ लिहिलं तर पॉइंट पुसट होऊन पाच वाचलं जातं. पॉइंटच्या नंतर फुकटचं शून्य लिहायचं नाही, कारण १.० चे १० होतात. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहायचा, त्याचं चिन्ह घाईत मिलिग्रॅमसारखं दिसतं. इन्सुलिनच्या युनिटचंही तसंच, इंग्रजी यू लिहिला तर तो शून्यासारखा दिसतो आणि चाराचे चाळीस होतात. मोजताना कुणी हाक मारली तर मधूनच पुढे चालू करायचं नाही, पहिल्यापासून मोजायचं. आणि एखाद्या मैत्रिणीशी ठरव की प्रॅक्टिकलच्या सरावाला तुम्ही दोघी एकमेकींचं उत्तर न बघता गणित सोडवाल आणि मगच ताडून पाहाल. आधी उत्तर दाखवून 'बरोबर आहे ना गं?' विचारलं की समोरची 'हो' म्हणते. तिचाही डोळा तुझ्याच आकड्याकडे ओढला जातो.

झोपेचं मात्र मी वरवरचं काही सांगणार नाही. दोन महिने म्हणजे थोडे दिवस नाहीत. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना, नसतील तर डॉक्टरांना भेट, आणि पुन:पुन्हा तपासून बघण्याबद्दलही मोकळेपणाने सांग. लोकांना औषधं वेळेवर घ्या म्हणून सांगायचं शिक्षण तू घेते आहेस. स्वतःचं दुखणं अंगावर काढणं तुला शोभणार नाही.

राहिला कोर्स सोडायचा प्रश्न. सोडणं हा गुन्हा नाही. विषयच आवडत नसेल, तर दुसऱ्या वर्षी सोडलेला बरा. म्हणूनच तुझ्या पत्रातला एक परिच्छेद मी तीनदा वाचला, जो वरच्या सारांशात घेतलेला नाही. प्रयोगशाळेत तू केलेल्या गोळ्यांच्या टोप्या उडत होत्या, म्हणजे कॅपिंग होत होतं. सगळ्यांनी मशीनच्या दाबाला दोष दिला. तू दोन दिवस मागे लागून शोधलंस की ग्रॅन्युल, म्हणजे ज्यांना दाबून गोळी करतात ते कण, प्रमाणाबाहेर सुकले होते. पुन्हा ओलावा नीट राखून बॅच केलीस आणि गोळ्या शाबूत निघाल्या. हे तू सहा ओळींत लिहिलं आहेस आणि त्या सहा ओळींत 'भीती' हा शब्द एकदाही नाही. विषय न आवडणारी मुलगी गोळीच्या टोपीमागे दोन दिवस घालवत नाही. त्या गोळ्यांनाही 'माझ्यासारखीने गोळ्या करूच नयेत' असं तू म्हणाली नाहीस. काय चुकलं असेल, म्हणून शोधत बसलीस.

तेव्हा निदान ही टर्म संपेपर्यंत निर्णय पुढे ढकल, आणि तोवर एक वही घाल. कुणाला दाखवायची गरज नाही. प्रॅक्टिकलला किंवा सरावाला झालेली प्रत्येक चूक तीत लिहायची: काय विचारलं होतं, मी काय केलं, कुठे कळलं, आणि कुठल्या जातीची चूक, पॉइंटची, एककाची, नाव वाचण्यातली की सूत्रातली. स्वतःला शिव्या लिहायच्या नाहीत, त्याने जागा भरते आणि हाती काही लागत नाही. दहा-बारा नोंदी झाल्या की तुला तुझ्या चुकांचा कल दिसायला लागेल. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त चुका जेवणाच्या सुट्टीच्या आधीच्या अर्ध्या तासातल्या निघाल्या होत्या. मग त्या अर्ध्या तासात मी लहान मुलांच्या औषधांना हात लावणंच बंद केलं.

ती उत्तरपत्रिका तुझ्याकडे असेल, आणि फाडली नसशील, तर पहिल्या पानावर तीच चिकटव, लाल शाईसकट. खाली उलटं गणित मांड. मग परीक्षकांना भेटायला जा आणि वही उघडून विचार, 'सर, यात मी नेमकी कुठल्या पायरीवर थांबायला हवं होतं?'